डिक्रिप्ट झालं, पण वाचता येईना: क्लाउडवरच्या मराठी डेटाची चूक शोधायची कशी

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "साहेब, एन्क्रिप्शन बिघडलंय." सांगलीतली पतसंस्था असो, मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी असो, नाहीतर तासगावचा बेदाण्याचा व्यापारी असो. खातेदाराचं नाव, वारस, पत्ता, बँक खातं हे एन्क्रिप्ट करून (गुप्त किल्लीने, म्हणजे 'की'ने, न वाचता येणाऱ्या रूपात बदलून) क्लाउडवर ठेवायची पद्धत आता पडली आहे, आणि एखाद्या सकाळी वारसाच्या रकान्यात नावाऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. मग लायब्ररी बदला, नवी की तयार करा, सर्व्हर रीस्टार्ट करा असा सपाटा सुरू होतो. खरं तर एन्क्रिप्शन बिघडणं दुर्मीळच. गडबड होते ती अक्षरांचे बाइट (संगणक साठवतो ते आकडे) करताना आणि बाइटची पुन्हा अक्षरं करताना. एडब्ल्यूएस केएमएस, गूगल क्लाउड केएमएस, अझूर की व्हॉल्ट या की सांभाळणाऱ्या क्लाउड सेवांपैकी कोणालाच मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. त्यांना फक्त बाइट कळतात. त्यामुळे शोधही बाइटमध्येच घ्यायचा. स्क्रीनवर काय दिसतं यावर विसंबायचं नाही.

आधी हात आवरा

चूक सापडेपर्यंत डेटाबेसमधल्या एकाही ओळीवर पुन्हा लिहायचं नाही. रात्री चालणारा बॅच जॉब थांबवा, टेबलाची प्रत काढा. जुनी की "आता नको" म्हणून डिलीटला लावली असेल तर ते आधी रद्द करा. एडब्ल्यूएसमध्ये ही मुदत ७ ते ३० दिवसांची असते आणि मुदत संपली की त्या कीने बंद केलेलं काहीही उघडत नाही. "वाचायचं, दुरुस्त करायचं, परत एन्क्रिप्ट करून ठेवायचं" अशी स्क्रिप्ट उत्साहाने चालवली की एका चुकीवर दुसरी चढते आणि कोणती आधीची हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिला प्रश्न: डिक्रिप्ट यशस्वी झालं का?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर अर्धं काम होतं. एडब्ल्यूएस आणि गूगल या दोघांच्याही सिमेट्रिक की (बंद करायला आणि उघडायला एकच की) एईएस-२५६ जीसीएम पद्धतीने काम करतात. जीसीएम डेटासोबत पडताळणीचा एक टॅग ठेवतं. सायफरटेक्स्टमधला (एन्क्रिप्ट झालेल्या डेटातला) एक बिट जरी हलला तरी टॅग जुळत नाही आणि सेवा सरळ नकार देते. याचा अर्थ, सेवेने नकार न देता काहीतरी परत दिलं असेल तर ते बाइट एन्क्रिप्ट करताना दिले होते तसेच्या तसे आहेत. मग मजकूर वाचता येत नसेल तर दोष एन्क्रिप्शनच्या आधी आहे किंवा डिक्रिप्शनच्या नंतर. मध्ये शोधू नका.

उलट, सेवेने एररच दिली तर मजकुराच्या अक्षरांशी झगडण्यात अर्थ नाही. सायफरटेक्स्ट वाटेत बिघडलाय, कॉन्टेक्स्ट (सोबत दिलेली जादा माहिती, ती पुढे येते) जुळत नाही, 'की' चुकीची आहे किंवा रीजन (क्लाउडचं ठिकाण) चुकलं आहे. परवानगी नाकारल्याची एरर असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आयएएमची, म्हणजे परवानग्यांची, पॉलिसी बघा.

आपल्याच कोडमध्ये एईएस-सीबीसी (स्वतः टॅग न ठेवणारी पद्धत) वापरून, वर कोणताही टॅग किंवा एचमॅक (गुप्त कीने काढलेली पडताळणीची खूण) न लावता काम चाललं असेल, तर ही खात्री मिळत नाही. तो कोड बदला, एवढंच सांगतो.

एक शब्द बाइटमध्ये बघू

चाचणीसाठी "सांगली" हा शब्द घेऊ. दिसायला तीन अक्षरं, पण युनिकोडच्या हिशेबाने सहा: स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (युनिकोड चिन्हांचे बाइट करायच्या पद्धतीत) बरोबर ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण १८ बाइट. हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) "स" म्हणजे ई० ए४ बी८, आणि दीर्घ वेलांटी म्हणजे ई० ए५ ८०. देवनागरीचा कोणताही मजकूर असू द्या, ई० ए४ किंवा ई० ए५ ही जोडी दर तिसऱ्या बाइटला परत येत राहते.

आता गंमत पुढे आहे. केएमएसच्या कमांड लाइनवरून मिळणारा प्लेनटेक्स्ट (मूळ मजकूर) बेस६४मध्ये (बाइट साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत लिहायच्या पद्धतीत) असतो, आणि बेस६४ दर ३ बाइटची ४ अक्षरं करतं. आपलं चिन्ह ३ बाइटचं, त्यांचा गट ३ बाइटचा! त्यामुळे शुद्ध मराठी शब्दाचं बेस६४ बघितलं की दर चार अक्षरांचा गट "४, कॅपिटल के, कॅपिटल एस" किंवा "४, कॅपिटल के, कॅपिटल डब्ल्यू" असाच सुरू होतो. "सांगली"ची २४ अक्षरं होतात, शेवटी बरोबरचं चिन्ह लागत नाही, आणि शेवटचा गट सोडून बाकी सगळे चार-के-एसने सुरू होतात. मध्ये स्पेस किंवा इंग्रजी अक्षर आलं की गट सरकतात, पण सुरुवात तीच राहते. म्हणून डीकोड करायच्या आधी बेस६४ची पहिली चार अक्षरं वाचायची सवय लावा. कॅपिटल-स्मॉलचा फरक इथे महत्त्वाचा, तो पाळून वाचा.

डिक्रिप्ट झालं, पण अगम्य आलं

चार-के-एस किंवा चार-के-डब्ल्यूने सुरुवात असेल तर डेटा ठणठणीत आहे. बिघाड फक्त दाखवण्यात आहे. विंडोजच्या कमांड विंडोमध्ये कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता) ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, लावा. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडू नका, डेटा इंपोर्टमधून यूटीएफ-८ निवडून आणा. वेबपेजचा कॅरसेट तपासा. डेटाबेसला हात लावायचं काही कारण नाही.

"कॅपिटल एन, कॅपिटल ई, स्मॉल टी, कॅपिटल टी" अशी सुरुवात असेल, किंवा यातलं चौथं अक्षर कॅपिटल एक्स असेल, तर मजकुरावर एन्क्रिप्ट करण्याआधी एकदा जास्तीचं बेस६४ चढलं आहे. दोनदा डीकोड करा, मराठी हाती येईल. हे सहसा एसडीके (प्रोग्राममधून सेवा वापरायची लायब्ररी) आणि कमांड लाइन मिसळल्याने होतं: एसडीके कच्चे बाइट घेऊन बेस६४चं आपलं आपण बघते, आणि कमांड लाइनची सवय असलेला माणूस तिथेही हाताने बेस६४ करून देतो.

इथेच कमांड लाइनचा एक सापळा सांगतो, कारण त्याने भले भले चकतात. एडब्ल्यूएस सीएलआयची, म्हणजे कमांड लाइनची, पहिली आवृत्ती दिलेला मजकूर कच्चा धरायची. दुसरी आवृत्ती तो बेस६४ आहे असं गृहीत धरते. रोमन लिपीत "सांगली" लिहून दिलं तर सहा अक्षरं होतात, बेस६४चा हिशेब जुळत नाही आणि एरर येते. पण रोमनमध्ये "कोरेगाव" दिलं तर बरोबर आठ अक्षरं होतात. सीएलआय मुकाट्याने त्याला बेस६४ समजून सहा भलतेच बाइट बनवते आणि तेच एन्क्रिप्ट करते. एररही नाही, इशाराही नाही. "साधी टेस्ट चालते, मराठी चालत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं: साधी टेस्टही चाललेली नसते, फक्त ओरडलेली नसते. उपाय सोपा आहे. मजकूर यूटीएफ-८ फाइलमध्ये ठेवा आणि पॅरामीटरला "फाईल" ऐवजी "फाईलबी" हा प्रिफिक्स लावा, म्हणजे कच्चे बाइट जातात. किंवा सीएलआयच्या सेटिंगमध्ये बायनरी फॉरमॅट "रॉ-इन-बेस६४-आउट" करा.

पहिली चार अक्षरं "स्मॉल डब्ल्यू, ६, कॅपिटल डी, कॅपिटल सी" असतील तर मामला जरा गुंतागुंतीचा आहे. यूटीएफ-८चे बाइट कोणीतरी एकबाइटी पाश्चात्त्य कोडपेजचे समजून वाचले आणि मग ती चिन्हं परत यूटीएफ-८ करून एन्क्रिप्ट केली. स्क्रीनवर हे ओळखू येतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून चार पायांचं गोल चलनचिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन:पुन्हा. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा नक्षीकाम केलेला मजकूर कधी ना कधी पाहिलेला असतो.

दुरुस्ती उलट्या दिशेने करायची: मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचा, त्याच कोडपेजने त्याचे बाइट करा, ते बाइट पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचा. पण कोणतं कोडपेज? लॅटिन-१ की विंडोज-१२५२? दीर्घ वेलांटीकडे बघा. तिचा शेवटचा बाइट ८०. विंडोज-१२५२मध्ये ८० म्हणजे युरोचं चिन्ह. लॅटिन-१मध्ये तिथे न दिसणारं कंट्रोल कॅरेक्टर असतं. "सांगली"च्या कचऱ्याच्या शेवटी युरो दिसला तर विंडोज-१२५२ पकडा.

लॅटिन-१ असेल तर नशीब चांगलं, सगळं परत मिळतं. विंडोज-१२५२मध्ये मात्र पाच बाइटना चिन्हच नेमलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत हे शेवटचे बाइट कोणाचे? चंद्रबिंदू आणि ह्रस्व उकार (दोघांचा ८१), हलन्त, ए, ऐ आणि झ. हलन्त म्हणजे जोडाक्षरांचा कणाच! काही प्रोग्राम हे पाच बाइट कंट्रोल कॅरेक्टर म्हणून जपतात, काही एरर देतात, आणि "एरर दुर्लक्षित करा" असा पर्याय लावलेला कोड ते सरळ गाळतो. मग "पत्नी"चं "पतनी", "विश्रामबाग"चं "विशरामबाग" होतं. "झ" आणि "ए" तर गायबच. चिन्हं गाळली गेली असतील तर दुरुस्तीची स्क्रिप्ट मराठीसारखं दिसणारं काहीतरी देईल आणि तेच जास्त धोक्याचं, कारण घाईत कोणी ते बरोबर समजून चालेल. दुरुस्त झालेल्या ओळींत हलन्तांचं प्रमाण शेजारच्या चांगल्या ओळींसारखं आहे का, हे मोजून बघा. शून्य हलन्त असलेली शंभर नावं मराठीत सापडणं अवघड आहे.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. "७, ७, स्मॉल यू, तिरकी रेघ" म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण). एक्सेलचा "सीएसव्ही यूटीएफ-८" तो चिकटवतो. पहिले ३ बाइट काढा, झालं. सुरुवातीलाच दोन तिरक्या रेघा म्हणजे यूटीएफ-१६, युनिकोडचे बाइट करायची दुसरी पद्धत. विंडोज पॉवरशेल ५.१मध्ये "पेक्षा मोठं" या चिन्हाने फाइलमध्ये ओतलेला मजकूर असा येतो. तो यूटीएफ-१६ म्हणून वाचा, काही हरवलेलं नाही.

"कॅपिटल पी, स्मॉल झेड, ८, तिरकी रेघ" ही वाईट बातमी. ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. मराठी न मावणाऱ्या कोडपेजमध्ये मजकूर कोंबला गेला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. "७, ७, अधिक, ९" हीसुद्धा तशीच: काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाचे ते बाइट आहेत. या दोन्हींत मूळ बाइट उरलेलेच नाहीत. कितीही हुशार स्क्रिप्ट लिहिली तरी ते परत येणार नाहीत. जुना बॅकअप, सभासद अर्जाची कागदी प्रत, जे मिळेल ते शोधायला घ्या.

आणि एक प्रकार खास आपल्याकडचा. जुन्या पतसंस्थांचा डेटा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्यात साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मराठी दिसतं ते केवळ फॉन्टमुळे. असा डेटा एन्क्रिप्ट-डिक्रिप्ट बिनचूक होतो, आणि नव्या वेब पानावर रोमन खिचडी दिसते. बेस६४मध्ये चार-के-एस कुठेच सापडत नाही आणि ई० ए४ची जोडीही नाही. इथे कोडपेजचे प्रयोग करू नका. नेमका कोणता फॉन्ट होता ते जुन्या मशीनवर बघा, त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर चालवा, आणि युनिकोड झाल्यावरच एन्क्रिप्ट करा.

डिक्रिप्टच होत नाही

आता सायफरटेक्स्टकडे वळू. बेस६४ स्ट्रिंगची लांबी मोजा. चारने भाग जात नसेल तर काहीतरी सांडलंय. लहान नावांची खाती उघडतात आणि लांब पत्त्यांची उघडत नाहीत असं असेल, तर रकाना २५५ अक्षरांचा आहे आणि डेटाबेस बाकीचं कापतोय, असं बहुधा निघतं. बेस६४ने मजकूर एक तृतीयांशाने वाढतो, त्यावर केएमएसची स्वतःची माहिती, आणि मराठीचे मुळातच तिप्पट बाइट. रकाना व्हारबायनरी किंवा ब्लॉब (कच्चे बाइट ठेवणारे प्रकार) ठेवा. बेस६४च ठेवायचं असेल तर टेक्स्ट ठेवा.

स्ट्रिंगमध्ये स्पेस दिसल्या तर त्या मुळात अधिकची चिन्हं होत्या. यूआरएलमधून सायफरटेक्स्ट पाठवला की अधिकची स्पेस होते. परत बदलून चालेल, पण खरा इलाज यूआरएलसाठीचं बेस६४ वापरण्याचा. त्यात अधिकच्या जागी आडवी रेघ आणि तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ असते. अझूर की व्हॉल्ट तर हेच वापरतं. त्यामुळे एडब्ल्यूएसकडून अझूरकडे कोड नेताना नेहमीचा डीकोडर तिथे अडखळतो. लिनक्सची बेस६४ कमांड दर ७६ अक्षरांना ओळ तोडते, तेही ध्यानात ठेवा. आणि स्ट्रिंगच्या सुरुवातीला स्मॉल बी आणि एकेरी अवतरणचिन्ह चिकटलेलं असेल तर पायथनमध्ये बाइटना डीकोड न करता सरळ स्ट्रिंग केलंय. ते दोन्ही टोकांचं काढून टाका.

एडब्ल्यूएसचा सायफरटेक्स्ट बेस६४मध्ये सहसा "ए, क्यू, आय, सी" या कॅपिटल अक्षरांनी सुरू होतो. तुमच्याकडे "क्यू, व्ही, एफ, जे" दिसत असेल तर बेस६४ दोनदा झालंय. एकदा उलगडा, काम होईल. सायफरटेक्स्टमध्ये "७, ७, अधिक, ९" किंवा काळ्या चौकटी दिसल्या तर मात्र कोणीतरी कच्चे एन्क्रिप्टेड बाइट यूटीएफ-८ मजकूर म्हणून वाचून साठवलेत. ते गेले. सायफरटेक्स्ट हा मजकूर नव्हे. त्याला बेस६४ करा किंवा बाइट म्हणूनच ठेवा, तिसरी वाट नाही.

सायफरटेक्स्ट शाबूत, की बरोबर, तरीही एडब्ल्यूएस "इनव्हॅलिड सायफरटेक्स्ट" म्हणतंय? एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्ट बघा. एन्क्रिप्ट करताना सोबत दिलेली ही माहिती डिक्रिप्ट करताना बाइट-न्-बाइट तीच लागते. समजा कॉन्टेक्स्टमध्ये शाखेचं नाव दिलंय आणि शाखा आहे कऱ्हाड. हा शब्द किमान तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त: सहा चिन्हं, १८ बाइट. दोन, साधा र, खाली नुक्ता (टिंब), मग हलन्त: २१ बाइट. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह): हेही २१ बाइट. स्क्रीनवर तिन्ही कऱ्हाडच दिसतात, सभासदालाही आणि प्रोग्रामरलाही. केएमएसला ती तीन वेगळी गावं आहेत. साताऱ्यात, शेतकऱ्यांना, कोऱ्या धनादेशावर, हा अर्धा र मराठीत पावलोपावली भेटतो.

एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) लावलं की दुसरा प्रकार पहिल्यात येतो. तिसरा येत नाही, कारण झेडडब्ल्यूजेला एनएफसी हात लावत नाही. म्हणून र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की त्याचा ऱ आणि हलन्त करणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते. सगळेच झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका, मराठीत बाकीच्या ठिकाणी ते अक्षराचं रूप ठरवतात. माझं स्पष्ट मत असं की कॉन्टेक्स्टमध्ये नावं घालूच नयेत, शाखेचा क्रमांक घालावा. अंकांत हा घोळ नाही. शिवाय एडब्ल्यूएसमध्ये कॉन्टेक्स्ट क्लाउडट्रेल या वापराच्या नोंदवहीत उघडा दिसतो, म्हणून खातेदाराचं नाव किंवा आधार क्रमांक तिथे चुकूनही नको. जुना डेटा उघडायला मात्र तिन्ही प्रकार आळीपाळीने देऊन बघा, तिन्हींपैकी एक बहुधा चालतो.

उघडतंय, दिसतंय, पण जुळत नाही

हा तिसरा प्रकार उशिरा ध्यानात येतो. नाव नीट दिसतं, पण शोधलं की सापडत नाही. एन्क्रिप्टेड रकान्यात शोध घ्यायला बाजूला एचमॅक ठेवलेला असतो, आणि तो काढताना वरचाच ऱ्याचा घोळ, किंवा शेवटी लागलेली नवी ओळ. लिनक्सवर "एको" कमांडने मजकूर दिला की शेवटी एक बाइट आपोआप जोडला जातो. "प्रिंटएफ" वापरा. एचमॅक काढण्याआधी आणि शोधण्याआधी मजकूर एकाच फंक्शनमधून न्या: कडेच्या स्पेस काढा, ऱ सुधारा, एनएफसी लावा, यूटीएफ-८ बाइट करा. एचमॅकऐवजी साधा हॅश (गुप्त कीशिवाय काढलेली खूण) ठेवू नका. आधार १२ अंकी असतो, सगळे आकडे फिरवून हॅश जुळवणं आजच्या मशीनला जड नाही.

लांब मजकुराचं काय

केएमएसच्या सिमेट्रिक कीला एडब्ल्यूएस एका वेळी ४०९६ बाइटच घेतं. मराठीची जास्तीत जास्त १३६५ चिन्हं, आणि वेलांट्या, हलन्त वेगळे मोजले जातात. कर्ज समितीचा लांबलचक शेरा इथे अडतो, इंग्रजी शेरा मात्र जातो. २०४८ बिटच्या आरएसए कीने (बंद करायला एक, उघडायला दुसरी की) ओएईपी एसएचए-२५६ हे पॅडिंग लावून काम चाललं असेल तर मर्यादा १९० बाइटची, म्हणजे ६३ चिन्हं. मजकुराचे तुकडे करून पाठवायचा मोह होतो, तो टाळा. तुकडा बाइटवर मोजून पाडला की एखाद्या चिन्हाचे ३ बाइट दोन तुकड्यांत विभागले जातात, आणि प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केला की सांध्यावर काळी चौकट. केएमएसकडून डेटा की (मजकुरासाठीची वेगळी की) मागून घ्या, मजकूर आपल्याच सर्व्हरवर एईएस-जीसीएमने बंद करा, आणि बंद केलेली डेटा की मजकुराशेजारी ठेवा.

कोडमध्ये कायमचे बदल

अक्षरांचे बाइट करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ हे नाव घेऊन लिहा. जावामध्ये १८व्या आवृत्तीच्या आधी डिफॉल्ट कॅरसेट मशीनवर ठरायचा, त्यामुळे डेव्हलपरच्या लिनक्सवर चालणारा कोड शाखेतल्या विंडोजवर प्रश्नचिन्हं काढायचा. पायथनमध्ये विंडोजवर फाइल उघडतानाही एन्कोडिंग लिहून द्या. "एरर दुर्लक्षित करा" आणि "एररच्या जागी चिन्ह टाका" हे दोन्ही पर्याय कोडमध्ये शोधून काढा. मजकूर बिघडला तर प्रोग्राम तिथेच थांबलेला परवडतो.

चाचणीची ओळ इंग्रजी नको. मी ही वापरतो: "साताऱ्याच्या ॲडव्हान्सचे ₹५०० झाशीला, मँगो ऐवजी एक पत्नी." अर्थ नाही, पण अर्धा र आहे, ॲ आहे, रुपयाचं चिन्ह आहे, आणि विंडोज-१२५२ ज्या पाच बाइटना गाळतं ते पाचही आहेत. ही ओळ एन्क्रिप्ट करा, डेटाबेसमध्ये ठेवा, तिथून वाचून डिक्रिप्ट करा, आणि तुलना अक्षरांची न करता बाइटची करा. स्क्रीनवर सारखं दिसलं एवढ्यावर पास करू नका. प्रत्येक डिप्लॉयमेंटला, आणि शाखेतल्या प्रत्यक्ष विंडोज मशीनवरून एकदा, ही ओळ आरपार गेली पाहिजे. ती गेल्यावरच आधी काढून ठेवलेल्या प्रतीतल्या दहा-वीस खऱ्या ओळी दुरुस्तीच्या स्क्रिप्टमधून काढा, शाखेतल्या माणसाला दाखवून नावं बरोबर आल्याची खात्री करून घ्या, आणि मग रात्रीचा बॅच जॉब पुन्हा चालू करा.